एक छोटीशी मुंगी

कोपराच्या आतल्या बाजूला पाच ठिपके होते. एक जुना, पांढुरका, जवळजवळ कातडीत मिसळून गेलेला. उरलेले चार तांबूस, साधारण दोन आठवड्यांचे, भोवती अजून पिवळट झाक असलेले. जुना ठिपका शिरेच्या बरोबर वर होता. नवे चार आजूबाजूला पडले होते, नेम चुकल्यासारखे.

बालवाडीतला नळ चालूच होता. मुलीच्या बाह्या वर सारून तिने हातांना साबण लावून दिला होता आणि फेस धुता धुता तिचा अंगठा आपोआप कोपराच्या खळगीत जाऊन थांबला. शीर तिथे बेचकीसारखी दुभंगत होती. डावी फांदी उजवीपेक्षा जाड होती. ही शीर तिने पूर्वी पाहिली होती, याबद्दल तिला शंका नव्हती. चेहरा तिने त्यानंतर पाहिला.

"झाले ना माझे हात?" मुलीने विचारलं.

"झाले."

मागे अजून अकरा जण ओले होण्याच्या आशेने हात पुढे धरून उभे होते. तिने पुढच्याचे हात घेतले आणि या वेळी मनगटाच्या वर गेली नाही.

बालवाडीत मुलं तिला 'नव्या बाई' म्हणत. त्याआधी बारा वर्षं ती एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात तपासणीसाठी रक्त घेण्याचं काम करत होती. तिथे तिला 'रक्ताच्या बाई' म्हणायचे. ट्रॉलीचा आवाज आला की मुलं पांघरुणात शिरायची, एकदोघं पलंगाखालीही. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, शिरा राहत. पहिल्याच टोचण्यात रक्त आलं नाही असं महिन्यातून एकदा व्हायचं, फार तर दोनदा.

ती तिथून का निघाली, हे तिने कुणाला नीट सांगितलं नव्हतं. एका दुपारी ती जेवायला निघाली होती. हातात फक्त डबा होता. बाकावर बसलेल्या एका चार वर्षांच्या मुलाने तिला पाहिलं, स्वतःची बाही वर केली आणि हात पुढे करून भिंतीकडे बघत बसला. "मी जेवायला चाललेय रे," ती म्हणाली. त्याने हात मागे घेतला नाही. रडणाऱ्या मुलांची तिला सवय होती. पुढच्या आठवड्यात तिने वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज दिला, कारण म्हणून मनगट दुखत असल्याचं लिहिलं आणि बालशिक्षणाच्या वर्गात नाव घातलं.

ते वर्ष उद्या संपत होतं. उद्या ती रुजू झाली नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

काल संध्याकाळी ताईचा फोन आला होता. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. त्याच वॉर्डाची मुख्य परिचारिका. घरी ताई आणि कामावर सिस्टर, म्हणजे सुटका कुठेच नाही, असं वॉर्डातले लोक म्हणत, ताईसमोरसुद्धा.

"उद्या साडेअकराला येते मी तिकडे. रुजू व्हायचा कागद घेऊन. तू फक्त सही करायची."

"बघते."

"वर्षभर बघतेच आहेस. डोळे दुखले नाहीत?"

"ताई, मला थोडं..."

"तुझ्या जागी जी आलीय ना, ती एका पोराला चार-चार वेळा टोचते आणि नंतर स्वतःच रडत बसते. मी पोराच्या आईला समजावू का हिला? तुझ्यासारखा हात आणू कुठून मी?"

ताई फुगवून सांगत नव्हती.

"आणि तिथे करतेस काय? शेंबूड पुसतेस."

"अवघड असतं ते. पोरं हलतात."

"आमच्याकडे काय निवांत बसायची? ठेव फोन. साडेअकरा."

आता अकरा वाजत आले होते. आजचा अंगणातला पाठ तिचा होता. तिने मुंग्या निवडल्या होत्या. मुंग्या आणाव्या लागत नाहीत, पळून जात नाहीत आणि ओळीत चालतात. "चला, बालवाडीत निदान कुणीतरी ओळीत चालेल," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. बालवाडी त्यांचीच होती. गुडघे दुखायचे, म्हणून त्या ओसरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

भिंतीच्या कडेने काळ्या मुंग्यांची रांग होती. तिने रांगेपासून वीतभर अंतरावर साखरेचे चार दाणे ठेवले आणि दोन भिंगं मुलांच्या हातात दिली. मुलं पोटावर पालथी पडली.

"बाई, हिला मिशा आहेत."

"माझ्या आजोबांना पण आहेत."

"तुझे आजोबा साखर उचलतात का डोक्यावर?"

"त्यांना साखर खायची नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

एकच मुलगी आली नव्हती. मघाचीच. ती पायऱ्यांपैकी सर्वांत वरच्या पायरीवर बसली होती, पाय वर घेऊन, फ्रॉक तळव्यांखाली खोचून. महिन्याभरापूर्वी ती आली तेव्हापासून हेच चालू होतं. अंगणात उतरायची नाही, चटईवर बसायची नाही, खुर्ची किंवा बाक लागायचा. तिची आई पहिल्या दिवशी ओशाळून म्हणाली होती, "आजारपणात जरा लाडावलीय. घरीसुद्धा जमिनीवर पाय टेकत नाही, सारखं कडेवर घ्या." मोठ्या बाईंनी त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं होतं, राणीसरकार. ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. नव्या बाईंच्याही.

"राणीसरकार, बघायला येताय ना?"

"नाही."

"लांबून बघ. या काळ्या आहेत, चावत नाहीत."

"चावतात."

"चावली तरी एवढंसंच..."

"रक्त काढतात," राणीसरकार म्हणाली. "बाटलीत भरतात."

पालथा पडलेला एक मुलगा वळला. "ए, मुंगीकडे बाटली कुठून येईल?"

"असते. एवढी. तिला जांभळं झाकण असतं."

सगळी मुलं हसली. ओसरीत मोठ्या बाईही हसल्या. नव्या बाईंच्या हातात साखरेची डबी होती. तिचं झाकण बंद करायला त्यांना जरा वेळ लागला.

जांभळ्या झाकणाची बाटली बोटभर असते. पेशी मोजायच्या तपासणीसाठी रक्त तिच्यातच घेतात.

कामावरच्या पहिल्या आठवड्यात एका अनुभवी बाईंनी तिला शिकवलं होतं: सुई दिसू द्यायची नाही, हात घट्ट धरायचा आणि म्हणायचं, काही नाही गं, एक छोटीशी मुंगी चावेल हं. वाक्य चांगलं होतं. मूल मुंगी शोधायला लागायचं आणि तेवढ्यात काम व्हायचं. दिवसाला पंचवीस-तीस मुलं, बारा वर्षं. तिने मनातला गुणाकार अर्ध्यावर सोडला. त्या वाक्यातली मुंगी पुढे कुठे जाते, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. मुंगी मुलांबरोबर घरी जात होती. पलंगाखाली, ओट्याच्या कडेला, अंगणात.

भिंगं मुलांकडेच ठेवून ती पायऱ्या चढली आणि राणीसरकारच्या शेजारी बसली. जरा अंतर ठेवून.

"तुला एक सांगायचंय."

राणीसरकारने पाय आणखी जवळ ओढले.

"दवाखान्यात तुला चावली ती मुंगी नव्हती. सुई होती. एक बाई सुई टोचून रक्त घेते आणि बाटलीत भरते. मुंगीला ते येत नाही."

"ती बाई म्हणाली, मुंगी आहे."

"हो. ती बाई मीच होते. तोंडाला कापड बांधलेलं असायचं, म्हणून तू ओळखलं नाहीस."

मुलीने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. हसली नाही, रडलीही नाही. एखादी वस्तू दुकानात पालथी करून बघावी तसं पाहत होती.

"मग तू खोटं बोललीस."

"हो."

"कशाला?"

"तू हात हलवू नयेस म्हणून."

राणीसरकारने एक पाय खालच्या पायरीवर ठेवून पाहिला आणि लगेच वर घेतला. कुणी सांगितल्यावर भीती तेवढ्यात निघून जाते, असं नव्या बाईंना वाटलं होतं की काय, कोण जाणे. बाई त्या पायाकडे बघत राहिल्या.

फाटक वाजलं. ताई आली होती. दुपारपाळीला जायचं होतं, म्हणून गणवेशातच. ती मुलांना ओलांडत, "सरक रे बाळा, तुझ्यावर पाय पडेल," म्हणत पायऱ्यांपाशी आली.

"बसा ना, सिस्टर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बसले तर उठणार नाही, बाई. पाचच मिनिटं." मग तिची नजर पायरीवर गेली. "अगं, ही तर आपलीच. काय गं, इथे येतेस का तू?"

राणीसरकारने उजवा हात पाठीमागे घेतला.

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. तिने पिशवीतून कागद काढला आणि आवाज खाली आणला.

"मंगळवारी पुन्हा आहे हिचं. मागच्या वेळचं तुला सांगितलं ना? ते हिचंच. चार वेळा, गं. पाय मी धरले होते. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही." तिने कागद आणि पेन पुढे केलं. "उद्या रुजू झालीस की मंगळवारी तू असशील. एकदाच टोचेल. मी नोकरीसाठी म्हणत नाहीये आता."

"कळतंय मला."

"मग?"

तिने पेन घेतलं. कागद गुडघ्यावर ठेवला. खाली सहीची जागा होती, ताईने तिथे पेन्सिलीने बारीक फुली करून ठेवली होती, लहानपणी गृहपाठाच्या वहीत करायची तशी. त्या मुलीचा हात तिच्यापुढे आत्ता आला असता, तर डोळे मिटूनही तिला शीर सापडली असती. सकाळी नळाशी सापडलीच होती, मूल कोण आहे हे बघायच्या आधी. तिकडे परत गेली, तर पुन्हा आधी शीरच दिसणार होती.

"नव्या बाई," राणीसरकार म्हणाली.

"काय?"

"मंगळवारी सुई तूच टोचणार?"

ताई हलकेच हसली. "बघ. तिलाही तूच हवीस. सांग तिला, हो म्हणून."

खाली साखरेचा एक दाणा हलला होता आणि मुलं श्वास रोखून बघत होती. मोठ्या बाई खुर्चीत किंचित पुढे झुकल्या. काहीही उत्तर दिलं तरी मंगळवारी त्या हातात सुई जाणारच होती. प्रश्न किती वेळा, एवढाच होता, आणि तो लहान नव्हता. तिने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हनुवटीवर एक ओरखडा होता, डाव्या भुवईत मधेच केस नव्हते. मुलगी डोळे न हलवता वाट पाहत होती.

तिने पेनाला टोपण लावलं.

"नाही," ती म्हणाली. मुलीलाच म्हणाली, पण ताईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "दुसरं कुणीतरी टोचेल. दुखेल. कदाचित एकापेक्षा जास्त वेळा दुखेल. मी तिकडे परत जाणार नाही."