चौथा कोपरा

रेहेमाबाईंनी पिशवीतली गुंडाळी सोडली आणि कारखान्याच्या ऑफिसात, फरशीवरच, चटई झटकून अंथरली. रंग पार उडालेला. पण एकही पट्टी तुटलेली नव्हती.

"ही चिनी चटई. आठ वर्षं माझ्या शेजारच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाखाली होती. अशी करून देणार का?"

शालिग्राम शेठ खुर्चीतून अर्धे उठले. आफ्रिकेतल्या दार-ए-सलामच्या बाजारातली बाई थेट जळगावच्या एमआयडीसीत येऊन उभी राहते, हे त्यांना अजून खरं वाटत नव्हतं. बाईंचं लहानपण तिकडच्या एका गुजराती दुकानदाराकडे कामात गेलेलं. त्यांची हिंदी गुजरातीचं वळण घेऊन चालायची, आणि खानदेशात ती कुणालाही कळली असती.

दहा मागांपैकी सात बंद होते. ही ऑर्डर मिळाली नाही तर एक तारखेला उरलेले तीनही भंगारात जाणार, असं शेठनी कालच सगळ्यांना सांगितलं होतं.

"हुबेहूब करून देऊ," शेठ म्हणाले.

मागांचा फिटर नासीर तोवर गुडघ्यांवर बसून चटई चाचपत होता. पन्नाशीचा माणूस, पण कारखान्यात कुणाच्या डब्यातल्या भाजीत मिरची वाढली, कुणाच्या सायकलची घंटी नाहीशी झाली, की पहिलं बोट त्याच्याकडे जायचं. त्याने एक कोपरा उचलून पाहिला. मग दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी तो जरा रेंगाळला. एकदम खोकला आल्यासारखं करून त्याने तोंडावर रुमाल धरला.

"शेठ, आपल्याकडून व्हायचं नाही हे."

"नासीर, डोकं फिरलं का तुझं?"

"चिनी हात आहे हा. एवढी निगुतीची शिलाई आपल्याकडं कोण करतं? जाऊ द्या. जेवणाची वेळ झाली. पाहुण्यांना माझ्या घरी भरीत खाऊ घालतो, मग तुमचं बोलणं होऊ द्या."

रेहेमाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि चटई गुंडाळली.

"भरीत तिखट असतं?"

"रडायला येईल इतकं."

"मग चला."

गल्लीत शिरताना शेठनी नासीरचा दंड धरला. रागावले की ते अहिराणीत उतरायचे.

"काय करी राह्यना तू? माले रस्तावर आणशी का?"

"तुम्ही फक्त गप्प बसा, शेठ. बठ्ठं ठीक होई."

घरी त्याची बायको हुस्नबानो ओसरीत शिलाई मशीनवर बसली होती. कारखान्यातून विणून आलेल्या चटयांना कापडी गोट लावायचं काम गल्लीतल्या बायकांकडे असे. तिच्याकडे ते वीस वर्षांपासून. पाहुण्यांना बघून ती उठली. हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी ताटांत आली. दोन घास झाले न झाले तोच नासीरने गुंडाळी सोडून चटई बायकोसमोर टाकली.

"बघ. चीनचं काम. कोपरा बघ कसा आहे. शिक काहीतरी. नाहीतर तू, नुसता गोट वाया घालवतेस."

हुस्नबानोने कोपरा हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"कोण म्हणतं चीनचं? हा माझा कोपरा आहे."

"काहीही बोलू नकोस पाहुण्यांसमोर."

"काहीही? तीन कोपऱ्यांवर गोट नुसता वळतो. चौथ्यावर तो संपतो, आणि चटई उसवते ती तिथूनच. म्हणून मी चार बोटं गोट जास्त घेते, आत दुमडते आणि वर त्रिकोण शिवते. पूर्ण जळगावात दुसरं कुणी करत नाही. शेठना विचारा, किती वर्षं भांडतात माझ्याशी ह्या चार बोटांवरून."

शेठनी भरीत सोडून नुसती भाकरी मोडली.

नासीर मांडी ठोकून ताठ बसला. बायको शपथ घेऊन सांगणार आणि पाहुणी तोंडात बोट घालणार, याचसाठी तर त्याने ऑफिसापासून हसू दाबून धरलं होतं. पण रेहेमाबाईंनी शांतपणे घास संपवला, डोळे पुसले (ते भरताचं पाणी होतं) आणि म्हणाल्या,

"सुरतेत दोघं आणि तुमच्याच रस्त्यावरचा एक. तिघांनीही मला सांगितलं, हुबेहूब करून देऊ. तुमचे शेठ चौथे. कोपरा कुणी उलटून पाहिला नाही."

नासीरचा भाकरीचा तुकडा तोंडापाशीच थांबला.

"माझा शेजारी लिन. चीनचा. त्याच्या लोकांनी आमच्याकडे रस्ते केले, स्टेडियम केलं. बाजारात लोक म्हणायचे, चिनी माल आज घ्या, उद्या टाका. पण लिनची चटई फाटत नाही. आता सरकारने परदेशी माणसाला छोटं दुकान चालवायला बंदी केली. आमच्याच लोकांनी मागितली होती ती. मीसुद्धा मोर्चात होते. तरी जाताना त्याने दुकान मलाच दिलं. आणि म्हणाला, चटई चीनची नाही. मुंबईचा एक दलाल पाठवायचा, गाव लिनलाही ठाऊक नाही. चौथा कोपरा ओळखेल त्याच्याकडून घे."

"मग ऑफिसात चिनी म्हणालात ते?" नासीरने विचारलं.

"कोण ओळखतं ते बघायला. तुम्ही चौथा कोपरा पाहिलात आणि रुमालात हसलात, मला तिथेच कळलं. पण तुम्ही जेवायला बोलावलंत. म्हटलं, घाई कशाला."

हुस्नबानो तोंडाला पदर लावून हसत होती.

"आज तुमच्या सायकलची घंटी गेली," ती नवऱ्याला म्हणाली.

रेहेमाबाईंनी फोन काढला, हुस्नबानोला कोपऱ्यावर हात ठेवायला लावला आणि फोटो घेतला. "लिनला पाठवते." मग शेठकडे वळल्या. "दहाही माग चालतील इतकं काम आहे. पण कोपरा असाच."

शेठनी ताट बाजूला सारलं. डोळे त्यांचेही भरले होते, आणि त्यांनी तर भरताला अजून हात लावला नव्हता.

"कोपरा... दोन बोटांत नाही का बसायचा?"

हुस्नबानो मशीनवर जाऊन बसली. नवी चटई ओढून तिने गोट मोजून घेतला.

"पाच घेईन म्हणते, शेठ," ती म्हणाली, आणि मशीनचं पायडल दाबलं.