टेक्सास पाहून आलेल्या बाई

अरुंधतीबाईंनी उत्तर अमेरिकेचा नकाशा खिळ्याला अडकवला, दोन पावलं मागे सरून तो सरळ लागलाय का ते पाहिलं आणि पुन्हा पुढे होऊन डावी बाजू बोटभर खाली ओढली. नकाशा त्यांच्या शाळेचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी शिपायाने काही न विचारता काढून दिला होता. टेक्सासच्या जागी कागद झिजून पांढुरका पडला होता. आठवीच्या वर्गात बाईंची पट्टी वर्षानुवर्षं तिथेच जास्त वेळ टेकायची.

पनवेलच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी वाण लुटण्याआधी एखादं भाषण असे. यंदा अध्यक्षा चंद्रावतीबाईंनी फळ्यावर वळणदार अक्षरात विषय लिहिला होता : ‘मी पाहिलेले टेक्सास’.

बाईंनी तो वाचला आणि पट्टी उगीचच पदराने पुसली.

पाहिलेले! दोन वर्षांपूर्वी निवृत्त होताच, जानेवारीअखेरीला, त्या सुनेच्या, वल्लरीच्या, बाळंतपणाला ह्यूस्टनला गेल्या आणि सहा महिने राहिल्या. या सहा महिन्यांत त्यांनी पाहिलं ते स्वयंपाकघर, कपड्यांचं यंत्र आणि खिडकीतून दिसणारी गाड्या लावायची जागा. त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर एका चांदणीचा झेंडा फडकायचा. ज्या बाईने उभा जन्म मुलांना रिओ ग्रांदे नदी शिकवली, तिला राज्याचा झेंडा दिसला तो पेट्रोल पंपावर!

गॅल्व्हस्टनचा समुद्र किती लांब, असं त्यांनी एकदा मुलाला, अपूर्वला, विचारलं होतं.

“तासावर आहे गं. पुढच्या शनिवारी जाऊ.”

शनिवार यायचा. अपूर्व आणि वल्लरी डॅलसला मित्रांकडे जायची आणि तान्हा अथर्व आजीजवळ राहायचा. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. बाईंनी तळं राखलं, एवढंच. पनवेलला परत आल्यावर हे कोणाला सांगायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. विचारणाऱ्यांना त्या “छान झालं सगळं” म्हणत राहिल्या.

आता वल्लरीला पुन्हा दिवस गेले होते. अपूर्व तीन आठवड्यांसाठी आला होता, आणि येताना त्याने जाण्याचं आईचंही तिकीट काढून आणलं होतं. चहा पिता पिता त्याने ते सांगितलं, पेपर टाकायला सांगितल्यासारखं. विचारण्याचा प्रश्नच त्याला पडला नव्हता. बाईंनी कपबशी उचलून नळाखाली धरली होती. हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

भाषणाचं कळल्यावर तोच उत्साहाने म्हणाला होता,

“माझ्याकडे स्लाइड्स आहेत आई. वल्लरीच्या आईबाबांना दाखवायला आणल्यात. तू बोल, मी दाखवतो.”

खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. भिंतीवर पांढरी चादर ताणली. बाईंनी सुरुवात केली आणि त्यांचा आवाज आपोआप वर्गातला झाला. आपल्या महाराष्ट्रासारखी दोन राज्यं पोटात घालून वर जागा उरेल एवढं हे राज्य. पूर्वेला पाइनची जंगलं, पश्चिमेला वाळवंट, खाली मेक्सिकोचं आखात. आधी स्पेनचं, मग मेक्सिकोचं, आणि मग नऊ-दहा वर्षं स्वतःचं स्वतः, वेगळा देश. झेंड्यावरची एकटी चांदणी त्याचीच.

“अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राज्य,” अपूर्व मागून म्हणाला.

“दुसऱ्या नंबरचं. पहिलं अलास्का.”

बायका हसल्या. तोही हसला आणि त्याने पहिली स्लाइड लावली.

समुद्र होता. लांबलचक दगडी बांध आणि त्याच्यावर बसलेले अपूर्व, वल्लरी.

“गॅल्व्हस्टन,” तो म्हणाला.

बाई चादरीकडे पाहत राहिल्या. वल्लरीच्या अंगात राणी रंगाचा स्वेटर होता, खिशावर पांढरी वेल असलेला. तो बाईंनी ह्यूस्टनमध्येच विणला होता, अथर्वला मांडीवर निजवून, आणि त्या निघायच्या आधीच तो कपड्यांच्या यंत्रात आटून बाद झाला होता. म्हणजे हा समुद्र त्या तिथे असतानाचा. डॅलसला मित्रांकडे जातो म्हणाले, त्या शनिवारचा.

“एकोणीसशे साली या गावावर वादळ आलं,” त्या म्हणाल्या. आवाज हलला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं. “हजारो माणसं गेली. त्यानंतर हा बांध घातला. पुढचं लाव.”

पुढे पॅलो ड्युरोची लाल घळ. राणी रंगाचा स्वेटर. अलामोची दगडी इमारत. स्वेटर कमरेला बांधलेला. रस्त्याकडेला निळ्या फुलांचा गालिचा आणि त्यात मांडी घालून बसलेली वल्लरी. बाई एकेका चित्राचं सगळं सांगत गेल्या : कोणता खडक, कोणतं युद्ध, फुलं कोणत्या महिन्यात येतात. बायका माना डोलावत होत्या. बाईंची पट्टी मात्र दर चित्राला जास्त जोरात टेकत होती. नेलं नाही ते नाही, वर खोटं सांगून गेले. आणि आता तेच पुरावे माझ्याच गावात, माझ्याच भाषणाला, माझ्याच तोंडून वाचून घेताहेत! मुलाच्या मनात पाप नव्हतं, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचाच संताप जास्त होता. आई तिथे नव्हती हे त्याच्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं.

शेवटच्या चित्रात नदी होती. दोन प्रचंड कड्यांमधून येणारी.

“सांता एलेना. हा उजवीकडचा मेक्सिको,” अपूर्व म्हणाला.

“डावीकडचा,” बाईंनी चादरीवर पट्टी टेकवली. “आपण प्रवाहाच्या उलट, पश्चिमेकडे तोंड करून उभे आहोत. डावीकडे दक्षिण. दक्षिणेला मेक्सिको.”

जवळच्या कोन गावाहून आलेली हौसा पुढेच बसली होती. बाईंच्या हाताखाली शिकलेली, आता सासू झालेली. तिने मान वाकडी करून चित्र नीट निरखलं.

“बाई, तुमी कुटं हाव? येकाबी फोटूत दिसत नाय.”

“आई फोटो काढत होती ना,” अपूर्व चटकन म्हणाला.

किती सहज. बाईंनी मागे वळून पाहिलं. प्रोजेक्टरच्या उजेडात त्याचा चेहरा लहानपणी गृहपाठ न करता यायचा तेव्हासारखाच दिसत होता. तेव्हा त्या त्याला पाठीशी घालत नसत.

“मी नव्हते,” त्या म्हणाल्या. “मी यातलं काही पाहिलेलं नाही हौसा. मी घरात होते, नातवाजवळ. हे सगळं मी पुस्तकातून सांगितलं, तुम्हाला आठवीत सांगायची तसं.”

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता. मग चंद्रावतीबाईंनी सतरंज्या काढायला सांगितल्या, उजेड आला आणि बायका तिळगुळाकडे वळल्या. फळ्यावरचे ‘मी पाहिलेले’ हे दोन शब्द बाईंनी स्वतः पुसले. ‘टेक्सास’ राहू दिलं.

घरी पोचल्यावर अपूर्व दाराशी चपला काढताना म्हणाला,

“लोकांसमोर कशाला आई? आणि बाळाला वाऱ्याउन्हात नेऊ नका, असं तूच म्हणायचीस.”

“सव्वा महिन्याच्या बाळाबद्दल म्हणाले होते. मला नेऊ नका असं नव्हते म्हणाले.”

तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाई बाजारात जाऊन डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा घेऊन आल्या. दुपारभर बसून डिंकाचे लाडू वळले, डब्यात कागद घालून नीट रचले. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, ती घडी घालून वर ठेवली. अपूर्व दारात उभा राहून हे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आईचा राग तो किती वेळ टिकणार, असं त्याला वाटलं असावं.

“एवढं माझ्या बॅगेत कशाला भरतेस? तुझ्या बॅगेत जागा असेल की.”

“माझी बॅग माळ्यावर आहे.”

“मग काढून देऊ का?”

बाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा दुपट्यांच्या मधे ठेवला आणि त्याच्या बॅगेची चेन हळूहळू शेवटपर्यंत ओढली.

“आत्ता नको,” त्या म्हणाल्या. “निळी फुलं मार्चअखेरीला येतात. धाकटं चालायला लागलं की एखाद्या मार्चमध्ये बोलाव. तेव्हा काढू.”

मग त्यांनी कोपऱ्यात उभा केलेला नकाशा काखेत घेतला, आणि शाळा सुटायच्या आत तो परत करायला निघाल्या.