धूर नसलेली गाडी

सटवाजी म्हणजे बोलभांड गडी. मेंढरं विकून पेडगावाहून परभणीच्या कापूस प्रेसमध्ये आला, दाबून बांधलेल्या कापसाच्या गठाणी उचलता उचलता हमालांचा मुकादम झाला, पण तोंडाला विसावा म्हणून नाही. संध्याकाळी घरी निघाला की हा पुढं आणि बायको बानूबाई चार पावलं मागं. बाईनं नवऱ्याच्या बरोबरीनं चालायचं नाही, अशी रीत. हा पुढं बघत दिवसभराचं सगळं सांगायचा, मागून ती "हं" म्हणायची. इतकं निमूट ऐकून घेणारी बायको लाभली याचा त्याला कोण अभिमान.

एकोणसाठ सालच्या हंगामात मालक माणिकरावांनी गठाणी उचलायच्या दोन गाड्या महिनाभर वापरून बघायला आणल्या. पुढं दोन लोखंडी दांडे. ते गठाणीखाली घालून खटका ओढला की गठाण वर. एक गाडी डिझेलची, दुसरी बॅटरीची. सटवाजी दोन्ही चालवायला शिकला.

"तू म्हणशील ती ठेवू," माणिकराव म्हणाले.

डिझेलची गाडी मोठी आडदांड. बाहेरच्या आवारात काळी माती असो की चाकोऱ्या, तिला काही फरक पडायचा नाही. तेल संपलं, ओतलं, चालली पुन्हा. पण गोदामात धूर कोंडायचा, पांढऱ्या रुईवर काजळी धरायची. बॅटरीची नुसती लाडावलेली. ओल्या मातीत रुतायची, दुपार कलली की मान टाकायची, मग रात्रभर तिला वीज पाजत बसा. गोदामाच्या फरशीवर मात्र अशी सरकायची की धूर नाही, आवाज नाही.

काम बघितलं तर डिझेलचीच ठेवायला पाहिजे होती, हे सटवाजीला कळत होतं. पण बानूबाई आधी सात वर्षं कापसातली सरकी काढायच्या जिनवर होती आणि आता गोदामात सांडलेली रुई गोळा करायची. धुरानं तिला खोकल्याची अशी उबळ यायची की जीव कासावीस व्हायचा. त्याला ते बघवत नव्हतं.

"मालकाला बॅटरीचीच ठेवा म्हनतो," घरी जाताना तो म्हणाला. "बाहेर रुतली तर आमी चौघं ढकलू. तुझा खोकला तर थांबंल. काय?"

"हं," बानूबाई मागून म्हणाली.

डिझेलची गाडी परत गेली.

आठव्या दिवशी सकाळी सटवाजी गठाण घेऊन गोदामात शिरला. बानूबाई पाठमोरी वाकली होती. त्यानं आवाज दिला, "बाजू!" त्याच्या एका आवाजात सगळे हमाल बाजूला व्हायचे, म्हणून त्यानं ब्रेकवर पाय ठेवला नाही. सरकंल की. पुन्हा ओरडला. ती हलली नाही. ब्रेक दाबेपर्यंत गठाणीसकट गाडी तिच्या अंगावर गेली होती. दवाखान्यात दुपारपर्यंतच काय ती जगली.

राख सावडली त्या दिवशी तो खोपटासमोर बसून येईल त्याला एकच सांगत होता. "दोनदा आवाज दिला म्या. हिला सरकायला काय झालं होतं?" मेलेल्या बायकोवर त्याला राग येत होता, आणि रागावाचून त्याच्याजवळ दुसरं होतंच काय.

बानूबाईबरोबर जिनवर काम केलेली कस्तुराबाई आली होती. तिला ते ऐकवेना.

"तिला ऐकूच येत न्हवतं, दादा. जिनच्या खडखडाटानं कान गेले तिचे. दोन वर्सं झाली. डिझेलची गाडी आली की फरशी हादरायची, तिच्या पायाला कळायचं. ह्या बॅटरीवालीची चाहूलच न्हाई."

"येड लागलं का तुला? रोज बोलायची की माझ्यासंगं."

"समोर असलात की तोंडाकडं बघून वळखायची."

"अन् वाटंनं?"

"वाटंनं तुमचं मुंडकं हललं की हं म्हनायची."

"मला का न्हाई सांगितलं?"

"म्या लय येळा म्हनलं, सांग. तर म्हनायची, त्यायला कळलं तर ते बोलनंच सोडतील. बोलताना लय खुशीत असतेत, ते मला मोडायचं न्हाई."

"लोक हसतील म्हनून म्या कदी तिच्या बरोबरीनं चाललो न्हाई," सटवाजी म्हणाला, आणि मग त्याला हुंदका आवरेना.