रीताच्या नावावरचे पॉइंट

भिंतीवरच्या पडद्यावर चार नावं होती. गजेंद्र तीनशे अठरा, आकांक्षा दोनशे चौऱ्याहत्तर, धीरज एकशे नव्वद आणि रीता शून्य.

रीताला आधी वाटलं, पान अर्धवट उघडलंय. उठून तिने ते पुन्हा उघडलं. शून्य जागचं हललं नाही.

पिपरी मेघेतल्या त्या ऑफिसात कामाला चौघंच. जिनिंगवाल्यांकडे येणाऱ्या कापसाच्या गाड्यांचं वजन आणि पावत्या सांभाळणारं सॉफ्टवेअर ते बनवत. मालक भैय्याजी. दर पंधरवड्याच्या बैठकीत बोर्डावर मोठी कामं चढत, त्यांना स्टोरी म्हणायचं. स्टोरीच्या पोटात बारीकसारीक कामं, ते सब-टास्क. स्टोरी किती जड आहे, हे चौघं एकदम कार्ड दाखवून ठरवत. पाच, आठ, तेरा, असे शंभरपर्यंत पॉइंट. स्टोरी ज्याच्या नावावर, पॉइंट त्याला.

आणि रीता काय करायची? तिघांनी केलेलं तपासायची, मोडलेलं सांधायची, ऐन हंगामात काटा अडला की गिऱ्हाइकाच्या शिव्या ऐकायची. सगळं दुसऱ्याच्या स्टोरीच्या पोटात. बरं, सब-टास्कला पॉइंट द्यायचे नाहीत, हा नियम आणला कुणी? तिनेच. स्टोरीलाही आकडा आणि सब-टास्कलाही आकडा दिला तर एकच काम दोनदा मोजलं जातं, हे दोन वर्षांपूर्वी तिनेच हट्टाने पटवून दिलं होतं. नियम अगदी चोख होता. आपल्याच पायावर आपण केवढा धोंडा पाडून घेतला, हे तिला आज कळत होतं.

"मोठं गिऱ्हाईक सुटलं," भैय्याजी म्हणाले. "चौघांतून एकाले कमी करा लागन. मी माणसं नाई पाहत, आकडे पाहतो. तुह्या नावावर शून्य असन असं मले सपनात नाई वाटलं, रीता."

रीताने गजेंद्रकडे पाहिलं. त्याच्या तीनशे अठरात तिच्या किती दुपारी गेल्या होत्या, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"गजेंद्र, तू सांग ना भैय्याजीले."

"नियम त तुहाच हाय, रीता," तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

तिला राग आला, पण भांडून चालणार नव्हतं. पुण्याची नोकरी सोडून ती इथून जवळच्या सिंदीला, घरी परतली होती ती वडिलांसाठी. प्रभाकररावांचं उजवं अंग लुळं पडलेलं. त्यांना सकाळ-संध्याकाळ उठवून बसवणं एकट्या मंदाबाईंच्या, म्हणजे आईच्या, आवाक्यातलं नव्हतं. इथलं काम सुटलं की पुन्हा पुणे, आणि मग त्यांना उचलणार कोण?

भैय्याजी मात्र पुढच्या कामाला लागले होते. "रीताचं काम आता गजेंद्र घेईन. टाका तशी स्टोरी."

स्टोरी गजेंद्रच्या नावावर चढली. "तीन पॉइंट पुरे," तो म्हणाला.

"आधी सब-टास्क त लिहा," भैय्याजी म्हणाले. "रीता, तूच लिही."

स्वतःला काढण्याची यादी स्वतःच लिहायची. या आठवड्यात केलेल्या कामांपासून सुरुवात करून ती मागे मागे जात राहिली. दहा झाली, पंचवीस झाली. शेहेचाळीसवर भैय्याजींनीच तिला थांबवलं आणि कार्डं मागितली. आकांक्षाने शंभर दाखवलं. धीरजने शंभर. गजेंद्रनेही शंभर, कारण त्याहून मोठं कार्डच नव्हतं. अख्ख्या टीमच्याने पंधरवड्यात चाळीस पॉइंट उरकत.

भैय्याजींनी चष्मा काढला. "एवढं? एवढं कोण करून राह्यलं होतं?"

धीरज टेबलावरची कार्डं गोळा करू लागला.

"बरं," चष्मा पुन्हा चढवत भैय्याजी म्हणाले, "हे गजेंद्रले जमेपर्यंत रीता राहीन. शेवटचं सब-टास्क मिटलं का मोकळी."

म्हणजे तिला घालवण्याचे शंभर पॉइंटही गजेंद्रलाच. रीताला हसावं की रडावं कळेना. मग तिने हळूच विचारलं, "भैय्याजी, एखांदं काम लिहाचं विसरली असन त?"

"टाकजो मंग. सब-टास्कले कुठं आकडा लागते?"

बैठक उठली. रीता पाणीसुद्धा न पिता बसली. यादी लांबेल तशी नोकरी लांबेल, पण खोटं एकही लिहायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं आणि सत्तेचाळिसावं लिहिलं. मग अठ्ठेचाळिसावं. एक लिहावं तर दोन आठवत होती. आपण एवढं सगळं करत होतो, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

चार वाजता यादी एकशे बारावर पोचली, आणि ती अजून मागच्या दिवाळीपर्यंतच आली होती.