बाईंचे हात पाठीमागे

कार्यशाळेच्या वर्गात एक नियम मुलांनी केला होता आणि तो फक्त बाईंना लागू होता : हात पाठीमागे. गेल्या वर्षी मुलांनी काहीही करायला घेतलं की बाईंना राहवत नसे. "आण इकडे" म्हणत त्या सगळं स्वतःच उरकून टाकत. प्रदर्शन झकास झालं, पण मुलांना खिळा काही धड ठोकता येईना. आता बाईंचा हात पुढे आला, किंवा उत्तर तोंडातून निसटलं, की घंटा वाजे आणि बाईंची रवानगी व्हरांड्यात होई.

आज भिंगरीला तिचं स्टूल पुरं करायचं होतं. ते तिच्या आजीसाठी होतं. आजीचे गुडघे धरलेले. बैठक जरा बुटकी झाली की तिला उठता येत नसे. म्हणून भिंगरीने आजीला चार वेळा उठबस करायला लावून उंची ठरवली होती. जादा लाकूड नव्हतं, आणि शाळा सुटताना आजी स्टूल बघायला येणार होती.

खिडकीजवळ ठेवल्याबरोबर स्टूल डुगडुगलं. भिंगरीने एका पायाची पातळ चकती कापली. ठेवलं, तरी डुगडुग. शेजारच्या पायाचीही तेवढीच कापली. डुगडुग आपली कायम.

"चालू दे," वकील म्हणाला. दिसेल त्या गोष्टीवर वाद घालतो म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. "शेवटी नुसती फळी उरेल. आजीला सांग, उशाला घे."

"आधी तुझ्या जिभेला करवत लावू का?"

भिंगरीने तिसऱ्या पायावर खूण केली. बाईंची बोटं पाठीमागे एकमेकांत अडकली होती, पण तोंडाला कोण अडवणार? "अगं, तो नाही, पलीकडचा..."

घंटा वाजली. "बाई, बाहेर!"

बाई दाराच्या काचेशी उभ्या राहिल्या. आणखी एक पाय चुकला तर स्टूल वाया जाणार होतं. त्यांचा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला.

आत वकिलाने पेन्सिल काढली. "पलीकडचा म्हणजे कुठला? आधी पायांना नंबर घाल, मग भांडू." एक नंबरचा पाय अधांतरी होता. त्याने स्टूल वळवलं, तर दोन नंबरचा अधांतरी. पुन्हा वळवलं, तीन. जागा मात्र तीच.

भिंगरी खाली बसली आणि तिने फरशीवरून तळवा फिरवला. "पायांचा काही दोषच नाही रे! फरशी खचलीय!"

काचेपलीकडे बाईंचा चेहरा उतरला. त्यांचा तो पलीकडचा पायही निरपराधच होता.

मधल्या सपाट जागेवर स्टूल डुगडुगलं नाही, पण कापलेल्या बाजूला कललं.

"घसरगुंडी," वकील म्हणाला.

"चकत्या शोध, बडबड्या!"

चकत्या तुकड्यांच्या खोक्यात सापडल्या. दोघांनी त्या सरस लावून परत बसवल्या. करवतीने खाल्लेलं लाकूड भुशात गेलं होतं. तेवढी तूट जाड पुठ्ठ्याने भरून काढली. पट्टे आवळून स्टूल वाळत ठेवलं.

शाळा सुटताना आजी आली. बसली, आणि भिंतीचा आधार न घेता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग वाकून पाहिलं.

"दोन पायांना बूट कसले घातलेत गं?" तिने बाईंकडे वळून विचारलं, "ही तुमची करामत का?"

"छे हो," बाई म्हणाल्या. त्यांचे हात अजून पाठीमागेच होते. "मी तेव्हा बाहेर होते."