सत्काराची उर्वशी

पाहुण्यांना गुच्छ नको, रोप द्यावं, ही पद्धत ज्याने काढली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. पाहुणे ते रोप कधीच नेत नाहीत. खुर्चीखाली सारतात आणि निघून जातात. मग ती सगळी गोळा करून जगवायचं काम रोपवाटिकेचं, म्हणजे माझं. दर कार्यक्रमानंतर मी यावर तोंडाचा पट्टा सोडते आणि सगळे मुकाट ऐकून घेतात.

आमची वनस्पती बाग नवी मुंबई वसायच्या कितीतरी आधीची. या जानेवारीत तिला शंभर वर्षं झाली. पहिल्याच वर्षी लावलेली उर्वशी, लाल फुलांची झुंबरं लोंबणारं झाड, गेल्या पावसाळ्यातल्या वादळात पडली. त्याआधी मी तिच्या फांद्यांना गुट्या बांधल्या होत्या, झाडावरच मुळं फुटावीत म्हणून. त्यातली एकच जगली. शंभरीचा कार्यक्रम संपला की तीच जुन्या जागी लावायची होती. खड्डा, शेणखत, सगळं तयार होतं.

आणि मी हॉलमध्ये शिरते तर माझी उर्वशी सोनेरी कागदात गुंडाळलेली, स्टेजवर, सत्काराला बोलावलेल्या मुक्ताबाईंच्या हातात! टाळ्या वाजत होत्या.

"टेन्शन नका घेऊ मॅडम," व्यवस्था बघणारा रोहन कानाशी म्हणाला. "एक रोप कमी पडत होतं. तुमच्या ऑफिसच्या दारात हे भेटलं. मस्त दिसतंय ना?"

मला त्याला तिथेच झोडपावंसं वाटलं. पण भरसभेत काय बोलणार? मी मागच्या रांगेत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच अशी दुवा मागितली, की या अल्ला, आज सगळ्या पाहुण्यांना रोपं विसरू दे.

अल्लाने ऐकलं. भाषणं संपली, पाहुणे चहाकडे वळले आणि खुर्च्यांखाली कुंड्याच कुंड्या राहिल्या. फक्त मुक्ताबाई जागच्या हलल्या नाहीत. वाशीच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या, वर्षानुवर्षं मुलांच्या सहली आमच्याकडे आणायच्या. कुंडी मांडीवर घेऊन त्या पानावरची धूळ पदराने पुसत होत्या.

"उर्वशी ना ही?" मला बघून त्या म्हणाल्या. "करंजाड्याला आमच्या गॅलरीत ठेवते. ऊन भरपूर येतं."

गॅलरीत ती टिकली नसती. दिलेलं परत मागायला जीभ रेटेना, तरी मागितलं. "बाई, आमची चूक झाली. वादळात पडलेल्या त्या जुन्या झाडाचं हे एकच रोप आहे. जमिनीत लावायचंय."

बाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मुद्दाम मला दिलंत."

रोहन मध्येच म्हणाला, "आजी, दुसरं देतो ना, जास्वंद. लगेच फुलते."

त्याच्याकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "हिला फूल कधी येईल?"

"नीट जगली तर सहा-सात वर्षांनी."

बाईंनी कुंडी उचलून माझ्या हातात दिली.

"मग न्या. मला चौऱ्याऐंशीवं लागलंय. माझ्यामागे हिला पाणी घालणारं घरात कुणी नाही."

मला हवं ते मिळालं होतं. कुंडी छातीशी धरून मी त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभी राहिले आणि मला रडू आवरेना.