दोराचं वरचं टोक

“काकी, चाय व्हयी?” तांडेलाने तिसऱ्यांदा विचारलं, तरी सुगंधाबाई बोलल्या नाहीत.

होडीच्या कडेला दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या. मघाशी नवरा आणि लेक पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन उलटे पाण्यात पडले, त्या जागी आता नुसते बुडबुडे येत होते, आणि बाईंची नजर त्यांच्यावर खिळलेली. होडी हाकणारा तांडेल मालवणचा, मनाने मोकळा. आधी त्याला वाटलं, यांना होडी लागली. त्याने लिंबू पुढे केलं. बाईंनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्याला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. असल्या भानगडीत पडायची त्याची तयारी नव्हती, म्हणून तो इंजिनापाशी जाऊन बसला.

यातलं काहीच नव्हतं. माणूस खाली असताना वरच्याने बोलायचं नसतं आणि तोंडात काही टाकायचं नसतं, एवढंच होतं. सुगंधाबाईंच्या ते अंगवळणी पडलेलं. फक्त आज त्यांच्या हातात दोर नव्हता.

खानदेशात, नरडाण्याच्या पट्ट्यात कुणाच्या विहिरीत काही पडलं की त्यांच्या नवऱ्याला, तोतारामभाऊंना बोलावणं यायचं. पंपाचा फूटव्हॉल, कळशी, एखादीची सोन्याची पोत, कधी बकरी आणि कधी माणूससुद्धा. कमरेला दोर बांधून, छातीत दम भरून ते खाली जायचे आणि तळ चाचपायचे. गाळात डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. खालून दोराला एक झटका आला तर ढील द्यायची, दोन आले तर ओढायचं. काठावर गाव जमून कितीही कालवा करो, दोर धरणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बोलण्यात लक्ष गेलं आणि झटका हुकला, तर खालचा माणूस गेलाच.

आधी दोर सासरे धरत. पुढे त्यांचे हात कापायला लागले, तेव्हा त्यांनी दोर सरळ सुनेच्या हातात दिला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काठावरचे बाप्ये फिदीफिदी हसले. “बायना हातमा दोर देस का रे, तोताराम?” असंही कुणी म्हणालं. सासरे म्हणाले, “तुमनं ध्यान इकडे-तिकडे जाई. हाई पोर हालाव नई.”

सुगंधाबाई हलल्या नाहीत. एकदा तोतारामभाऊ खाली बाभळीच्या फांदीत अडकले. पहिला झटका आला तेव्हा त्यांनी ढील दिली. दुसरा इतका हलका आला की वाऱ्याने दोर हलला असावा असं कुणालाही वाटलं असतं. बाईंना वाटलं नाही. लोक धावून येईपर्यंत त्यांनी एकटीने दोर ओढला आणि दोन्ही तळवे सोलून घेतले. त्याचे व्रण अजून आहेत. भाकरी थापताना पीठ तिथे वेगळं लागतं, असं त्या कधीकधी म्हणतात.

मग विहिरी आटल्या आणि शेताशेतात बोअर झाले. वीतभर तोंडाच्या बोअरमध्ये माणूस कुठून उतरणार? बोलावणी हळूहळू थांबली. तोतारामभाऊ जळगावला एका पाइपाच्या कारखान्यात लागले, बिऱ्हाड मेहरूणला आलं, आणि दोराची गच्चीवर कपडे वाळत घालायची दोरी झाली. त्याबद्दल दोघांपैकी कुणी कधी काही बोललं नाही. चादरी मात्र त्याच्यावर छान वाळायच्या.

त्यांची एकुलती लेक कामिनी पुण्याला नोकरीला. तिला या समुद्रात बुडी मारण्याचं वेड लागलं आणि गेल्या वर्षी सुट्टीत ती बापाला मालवणला घेऊन आली. तिथे त्यांनी पहिला कोर्स केला. बाकीच्यांना पाण्याची भीती घालवायला शिकवावं लागलं. यांना शिकवावं लागलं श्वास घ्यायला. तोंडात नळी, पाठीवर हवा, आणि हे आपले दम धरून बसलेले. शिकवणारा तेजस कपाळाला हात लावायचा. “भाऊ, श्वास सोडा! इथे दम धरणं हीच सगळ्यात मोठी चूक.” तोतारामभाऊ म्हणायचे, “पस्तीस वरीसनी सवय शे रे भाऊ, एक दिनमा कशी जाई?” पण गेली.

घरी आले ते पोरासारखे. पायातल्या चपला काढायच्या आत म्हणाले, “कामिनीनी माय, पानीमा बठ्ठं दिखस व! मासा दिखस, तळ दिखस, आपला हात दिखस!” उभा जन्म पाण्यात काढून माणसाने पाणी पहिल्यांदा पाहिलं होतं. सुगंधाबाईंना हसू आलं, भरूनही आलं. मग त्यांनी विचारलं, “वर कोन व्हतं?”

“कोनीच नई. तठे गरजच नई पडस.”

हे वाक्य त्यांच्या मनात सलत राहिलं, वर्षभर. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतं. नवरा सुखरूप आला यात वाईट वाटून घ्यायचं काय, असं त्या स्वतःलाच समजावायच्या आणि गच्चीवर चादर टाकताना दोरीला उगाच एक हिसका द्यायच्या.

यंदा पुढचा कोर्स होता, ॲडव्हान्स्ड. पहिल्या कोर्सवाल्यांना साठ फुटांपर्यंत मुभा, याच्यानंतर शंभर. शिवाय होकायंत्रावर दिशा धरून पोहायचं. त्याच्या तयारीसाठी तोतारामभाऊ डोक्यावर टॉवेल घेऊन, खाली होकायंत्राकडे बघत मेहरूण तलावाच्या काठाने चौकोनात चालायचे. तेजसनेच फोनवर सांगितलं होतं तसं. एकदा ते वळायचं चुकले आणि भेळेच्या गाडीवर आदळले. गाडीवाला म्हणाला, “भाऊ, काय हरवलं?” सुगंधाबाई बाकावर बसून तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, यंदा आपणही जायचं.

म्हणून त्या आता या होडीत होत्या. पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि पापडासारखे बिबडे, आणि मांडीवर मोकळे हात. कालच्या बुड्या उथळ होत्या. आजची खोल, आणि तेजसही त्या दोघांबरोबर खाली होता.

बुडबुडे दोन-तीन जागी येत होते ते अचानक एका जागी आले आणि दाटले. सुगंधाबाई उठून उभ्या राहिल्या. तांडेल म्हणाला, “बसा, काकी, होडी हलता.” त्या बसल्या नाहीत. बऱ्याच वेळाने, म्हणजे त्यांना तरी तसंच वाटलं, डोकी वर आली. तेजसने तोतारामभाऊंचा दंड घट्ट धरला होता. कामिनी वर चढली, डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवली आणि रडायलाच लागली.

“बाबा, तो पट्टा कशाला ओढला तुम्ही?”

तेजसने शांतपणे सांगितलं. डायव्हरच्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा असतो, माणूस खाली राहावा म्हणून. त्याची पकड एका हिसक्यात सुटते. खूप खोल गेल्यावर कुणाकुणाला थोडी गुंगी येते, नशा केल्यासारखी. भाऊंना तशी आली असावी. त्यांचा हात कमरेकडे गेला आणि त्यांनी पकड ओढली. पट्टा सुटता सुटता कामिनीने त्यांचा पाय धरला, तेजसने पट्टा पुन्हा बांधला, म्हणून निभावलं. नाहीतर तेवढ्या खोलातून ते फुग्यासारखे थेट वर आले असते, आणि असं वर आलेल्या माणसाची फुप्फुसं फाटू शकतात.

तोतारामभाऊ खाली मान घालून पायातले पंख काढत होते. नवऱ्याचं असं एवढंसं झालेलं तोंड सुगंधाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

“कितींदा ओढं?” त्यांनी विचारलं. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं.

“काय?” कामिनी म्हणाली.

“तुना बापनी. कितींदा ओढं?”

कामिनीने डोळे पुसले. “दोनदा. मी बघतच होते. एकदा ओढलं, थांबले, पुन्हा ओढलं. दुसऱ्यांदा सुटला.”

सुगंधाबाई खाली बसल्या आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहिल्या. लेकीला काही कळलं नाही, तेजसला तर नाहीच. तोतारामभाऊंनी मात्र वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. तांडेलाने न विचारताच चहाचा कप बाईंच्या हातात दिला आणि त्यांनी तो मुकाट्याने घेतला.

ही बुडी कोर्समध्ये धरता येणार नाही, असं तेजस म्हणाला. उद्या सकाळी पुन्हा करायची, किंवा भाऊंना नको असेल तर इथेच थांबायचं. कोर्स अर्धा राहील, पण त्यात कमीपणा नाही.

संध्याकाळी, ते उतरले होते त्या घराच्या ओट्यावर तोतारामभाऊ एकटेच बसले होते. कामिनी आत फोनवर. सुगंधाबाई भाजलेला बिबडा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.

“बस व्हयनं आते,” भाऊ म्हणाले. “सकाय घर चालूत.”

“तुमले काय वाटनं तठे?”

भाऊंनी बिबड्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “काई नई. डोकं हलकं व्हयनं. कोठे शे तेच समजेना. माले वाटनं आपली इहीर शे, आन् तू वर शेच.” ते थांबले. “मंग ओढं.”

सुगंधाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. “मी वरच बठेल व्हती,” त्या म्हणाल्या. “पन मना हातमा काईच नव्हतं.”

एवढ्या वर्षांत आपण या माणसाला किती हवे होतो, हे त्यांना आज कळलं होतं, आणि त्याच वेळी तो मेला असता. आनंद करावा की रडावं, त्यांना ठरवता येईना. भाऊ उद्या घरी परतले तर पाण्याचं नाव पुन्हा काढणार नाहीत, हेही त्या जाणून होत्या. मेहरूणच्या तलावाकाठी बाकावर बसतील. टॉवेल खांद्यावरच राहील.

“सकाय जावानं,” त्या म्हणाल्या. “पन बिगर दोरना नई.”

सकाळी त्यांनी तेजसला गाठलं. आधी तो हसला. मग त्यांनी तळवे उघडून दाखवले, आणि कामिनीने, जिला रात्री जेवताना सगळं कळलं होतं, त्याला विहिरीची गोष्ट सांगितली.

“मावशी, समुद्रात माणसाला वरून दोर बांधत नाहीत. प्रवाह असतो, दोर गुंततो, आणि वरच्याने भीतीपोटी ओढलं तर खालच्याचा जीव जातो.”

“मी कधी उगाच ओढेल नई,” सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांना ते बोलणं लागलं होतं.

तेजसने डोकं खाजवलं. मग होडीच्या फळीखालून त्याने एक नारिंगी फुगा काढला, हातभर लांब. खाली डायव्हर कुठे आहेत ते होडीला कळावं म्हणून तो पाण्यावर तरंगत ठेवतात, असं त्याने सांगितलं. फुग्याला बारीक दोरी, तिचं थोडं वेटोळं वर फुग्यापाशी आणि रीळ खालच्याच्या हातात. “आज रीळ भाऊ धरतील. होडी इंजिन बंद ठेवून फुग्याबरोबर वाहत राहील. तुम्ही फुगा धरा. पण ओढायचं नाही, काही झालं तरी. खाली त्यांचा हात मी धरलेला असेल.”

“मंग मी काय करू?”

“धरून बसा,” तेजस म्हणाला.

ते पटण्यासारखं होतं. सुगंधाबाईंनी साडीचा पदर खोचला.

तोतारामभाऊंनी पाण्यात पडण्याआधी कमरेचा पट्टा चाचपला, मग हातातलं रीळ. बायकोकडे पाहून ते काहीतरी बोलणार होते, पण नळी तोंडात होती. बरंच झालं, त्यांना काही सुचलंही नसतं. तिघं उलटे पाण्यात पडले. दोरी सुळसुळत खाली गेली. सुगंधाबाई होडीच्या कडेवरून वाकल्या आणि त्यांनी फुग्याखालची दोरी मुठीत घेतली. जुन्या दोरापुढे ती सुतळीच होती. तळव्यातल्या व्रणावर ती नेमकी बसली.

दोरी जात राहिली, मग थांबली. ऊन वर आलं. किनारा दिसत नव्हता. बुडबुडे येत होते, तीन जागी, सारखे. सुगंधाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष मुठीत होतं. लाटेची ओढ वेगळी आणि माणसाची वेगळी, एवढं त्यांच्या हाताला अजून कळत होतं.

“काकी,” तांडेलाने सुरुवात केली, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वाक्य गिळलं. पलीकडे गुणगुणणारा मोबाइलही त्याने बंद केला.

आणि मग आला. अगदी हलका, वाऱ्याने दोरी हलावी तसा. सुगंधाबाईंनी श्वास रोखला आणि दुसऱ्याची वाट पाहिली. त्यांचे दोन्ही हात घट्ट झाले होते; ओढायचं नाही हे माहीत असूनही झाले होते.

दुसरा आला नाही. एकच होता.

ढील दे, म्हणत होता तो.

सुगंधाबाईंनी मूठ सैल केली आणि दोरी त्यांच्या तळव्यातून सावकाश खाली जाऊ लागली.